तांगा: रेल्वेसोबत आला, रिक्षासोबत गेला

दहावीच्या वर्गाला मोकळ्या तासाला मंटोची ‘नया क़ानून’ ही कथा सांगत होतो. लाहोरचा उस्ताद मंगू कोचवान आपल्या तांग्यात बसलेल्या सवाऱ्यांच्या गप्पांवरून जगाचे राजकारण समजून घेतो. पहिल्या एप्रिलपासून देशात नवा कायदा लागू होणार आहे, हेही त्याला असेच कळते. मोठ्या आशेने तो त्या दिवसाची वाट पाहतो. त्या सकाळी एका गोऱ्याशी भाड्यावरून त्याचे भांडण होते, तो गोऱ्याला बदडतो आणि नव्या कायद्याच्या पहिल्याच दिवशी कोठडीत जातो. कायदा जुनाच निघतो. १९३५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांचा कारभार बदलला, ही त्या कथेची पार्श्वभूमी.

कथा संपली. आता मुले स्वातंत्र्याविषयी काहीतरी विचारतील असे वाटले होते. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, कोचवान म्हणजे कोच का? क्रिकेटचा?” वर्ग हसला. मीही हसलो. पण मग विचारले, “तांगा कोणी पाहिला आहे?” चाळीसपैकी सहा-सात हात वर झाले, तेही लग्नातली दिव्यांची बग्गी पाहिलेल्यांचे. हे सगळे मलकापूर-नांदुऱ्याच्या पट्ट्यातले. याच पट्ट्यात माझ्या लहानपणी स्टेशनबाहेर तांग्यांची रांग लागायची.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, मलकापूरला कोचवान होते. हे मी त्या दिवशी वर्गात सांगितले नाही. का सांगितले नाही, ते शेवटी लिहितो. आधी तांग्याचा इतिहास.

घोडा होता, गाडी बैलाची होती

आपण तांग्याला ‘जुन्या काळची सवारी’ म्हणतो. फार पुरातन काहीतरी असावे असा त्यात भाव असतो. प्रत्यक्षात आपल्या मुलखात तांगा फार जुना नाही.

महाराष्ट्रातली गाडी जुनी आहे. अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली तांब्या-काशाच्या मूर्तींचा साठा सापडला. त्यात एक दोनचाकी रथ आहे आणि तो हाकणारा माणूस उभा आहे. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे हे काम. पण त्या रथाला घोडे जुंपलेले नाहीत, बैल आहेत. दख्खनची रीत पुढेही तीच राहिली. माल असो की माणसे, ओढायला बैल. आपल्या वऱ्हाडात छकडा, दमणी, रेंगी या माणसांनी बसायच्या हलक्या गाड्याही बैलांच्याच.

घोडा नव्हता असे नाही. पण घोडा महाग होता. चांगला घोडा अरबस्तान आणि इराणातून समुद्रमार्गे यायचा. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू काटक आणि मराठ्यांच्या धावपळीच्या लढाईला उत्तम, पण त्याचेही काम पाठीवर स्वार घेण्याचे. लढाईचे जनावर कोणी भाड्याच्या गाडीला जुंपत नसे.

बुलढाणा जिल्ह्याने असे घोडे पुष्कळ पाहिले. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला खुदावंद खानाने १५८२ साली बांधलेली मशीद आहे. त्याच रोहिणखेडच्या आसपास सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठी लढाई झाली. सिंदखेड राजा हे लखुजी जाधवांचे आणि जिजाऊंचे गाव, म्हणजे सरदारांच्या पागांचा मुलूख. त्याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाचा पराभव केला. हैदराबादच्या आसफजाही राज्याची पायाभरणी या एका लढाईने झाली. विजयानंतर गावाला ‘फतेहखेडा’ हे नाव दिले गेले.

पुढे वऱ्हाड इंग्रजांकडे गेले तेही फौजेच्या खर्चावरून. निजामाच्या नावाने ‘हैदराबाद कॉन्टिन्जंट’ ही फौज होती. तिच्यात रिसालेही होते. तिच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा वसूल इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे तोवर आपल्याकडे घोड्याचा हिशेब फौजेच्या खात्यात होता, भाड्याच्या खात्यात नव्हता.

रूळ, खडी आणि कापूस

घोडा गाडीला कधी लागला? रस्ता झाला तेव्हा.

वऱ्हाडची काळी माती ज्याने पावसाळ्यात तुडवली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. जुलैत त्या मातीत चाक अर्धे रुतते. बैल सावकाश ओढून काढतो. त्याचे खूर दुभंगलेले, चाल संथ, ताकद सलग. घोड्याचे काम वेगाचे. हलकी गाडी आणि कडक, सपाट रस्ता मिळाला तरच त्याचा उपयोग. चिखलात घोडा बैलाइतका कामाचा नाही आणि त्याचे खाणे मात्र बैलापेक्षा महाग. म्हणून खडीची सडक होईपर्यंत घोडागाडी परवडणारीच नव्हती.

ती सडक झाली कापसामुळे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिथला कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके या मार्गावरची. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली कापसाची फार मोठी बाजारपेठ, पण मुख्य मार्गापासून दूर. तिच्यासाठी जलंब ते खामगाव असा सुमारे तेरा किलोमीटरचा स्वतंत्र फाटा टाकला गेला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले होते.

आता नकाशा बघा. रेल्वे पूर्णेच्या खोऱ्यातून गेली. जिल्ह्याचे ठाणे मात्र अजिंठ्याच्या डोंगरावर, बुलढाण्याला. हवा थंड, साहेबांना मानवणारी. मलकापूर ते बुलढाणा अंतर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, मध्ये राजूर घाट. खामगावकडून आले तर बोथ्याचा घाट. बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही. टपाल, तहसीलचे कागद, वकील, पक्षकार, साहेबाची मडम, दुखणेकरी, सगळ्यांना स्टेशनवर उतरून पुढची सवारी शोधावी लागे. रेल्वे आल्याने घोडागाडी संपली नाही, उलट रेल्वेमुळे ती वाढली. गाडी माणसाला स्टेशनपर्यंत आणून सोडते, घरापर्यंत नाही. त्या उरलेल्या अंतरावर तांगा जगला. देशभर हेच झाले. कालका ते सिमला हा डोंगरी रस्ता तर तांग्यांसाठी प्रसिद्धच होता. १९०३ साली तिथे छोटी रेल्वे पोचली आणि त्या तांग्यांचा काळ संपला.

म्हणून मी मुलांना सांगतो, तांगा हा आपल्याकडे राजे-महाराजांच्या काळातला नाही. तो तारायंत्र आणि आगगाडीच्या पिढीतला. माझ्या नानांच्या आजोबांना तो नवा वाटला असेल.

नावांचा प्रवास

‘कोचवान’ हा शब्दच बघा. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या गाड्या इतक्या नावाजल्या की गावाचे नावच गाडीला पडले. तेच इंग्रजीत गेले, इंग्रजीतून आपल्याकडे आले आणि त्याला फारसी ‘वान’ लागला, जसा बागवान, दरवान, पहलवान यांना लागतो. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. क्रिकेटचा कोच आणि तांग्याचा कोचवान, दोघांचे मूळ एकाच गावात आहे. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पार नेणाऱ्या शिकवणीदाराला गाडीचे नाव दिले आणि तिथून ते खेळाच्या मैदानावर गेले.

घोडागाड्याही एक प्रकारच्या नव्हत्या. उत्तरेकडचा एक्का म्हणजे एका घोड्याचा, बसायला सपाट पाट, स्प्रिंग नाही, हाडे खिळखिळी. तांग्याला लोखंडी पट्ट्यांचे पाटे असत. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबादिया एलियटने लंबगोल स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि गाडीत बसणे सुसह्य झाले, ती सोय हळूहळू आपल्यापर्यंत आली. मुंबई-पुण्याकडे शिग्राम म्हणून बंद पेटीसारखी गाडी होती. तिचे नाव ‘शीघ्र’वरून. चार चाकांची, मागे दुमडणाऱ्या छताची व्हिक्टोरिया राणीच्या नावाची. खामगावसारख्या पेठेत कापसाच्या मोठ्या व्यापाऱ्याची स्वतःची बग्गी असणे ही आजच्या मोठ्या मोटारीसारखी गोष्ट होती.

मुंबईत तर ट्रामही घोड्यांची होती. ९ मे १८७४ रोजी ती सुरू झाली तेव्हा कंपनीकडे नऊशे घोडे होते. उन्हात त्यांच्या डोक्यावर टोप्या घालत. १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम थांबली आणि १९०७ पासून विजेची धावू लागली. म्हणजे मुंबईने घोड्याला पहिला निरोप दिला तेव्हा आमच्या मलकापुरात तांग्याचे चांगले दिवस अजून यायचे होते.

बारगीर आणि शिलेदार

मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत हे आपण शाळेत शिकतो. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा. पगार आणि मान दोघांचा वेगळा. मी हा धडा शिकवतो तेव्हा मला नाना आठवतात. तांग्याच्या धंद्यातही हेच दोन वर्ग होते. नाना पंधरा-सोळा वर्षांचे असताना दुसऱ्याचा तांगा रोजाने हाकू लागले. दिवसाची ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर उरेल ते आपले. घोडा आजारी पडला तर त्या दिवशी चूल पेटायची पंचाईत. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी स्वतःचा तांगा केला. मुल्ला-मौलवी बोलावून फातेहा दिला, मोहल्ल्यात गूळ-चणे वाटले. घरातल्यांच्या बोलण्यात त्या दिवसाची आठवण ईदसारखी निघायची. बारगिराचे शिलेदार झाले होते.

आज रिक्षात बसलो की मी चालकाला विचारतो, “भाई, गाडी स्वतःची की रोजाची?” व्यवस्था तीच आहे.

स्वतःचा तांगा म्हणजे स्वतःचा खर्चही. घोड्याला रोजचा हिरवा-वाळला चारा, भिजवलेला हरभरा, चोकर. महिना-दीड महिन्याने नाल बदलायचे, नाहीतर खूर वाढून चाल बिघडते. नालबंद खुराचा वाढलेला भाग तासून, नाल बेतून खिळे ठोकायचा. खिळा बोटभर चुकला तर घोडा आठवडाभर लंगडतो. चाकाची लोखंडी धाव लोहार लालभडक तापवून चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. ती आकसून लाकडाला घट्ट बसायची. पुढे रबरी धावा आल्या, खडखड कमी झाली. नगरपालिकेचा परवाना, पितळी बिल्ला, रात्री दोन्ही बाजूंना कंदील. कंदील नसला तर शिपाई पावती फाडायचा.

सगळ्यात महत्त्वाचे शास्त्र होते तोल. तांग्याला चाके दोनच. पुढे कोचवान आणि एक सवारी, मागे पाठीला पाठ लावून बसलेल्या सवाऱ्या. मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळते, दांड्या वर उचलल्या जातात, पोटाखालचा पट्टा घोड्याला काचतो. पुढे जास्त झाले की सगळे ओझे घोड्याच्या पाठीवर येते. म्हणून कोचवान सवारी बघून जागा द्यायचा. जाड शेठजींना पुढे, सडपातळ मास्तरांना मागे, ट्रंक पायाशी, गव्हाचे पोते मधोमध. चढ आला की स्वतः पुढे सरकायचा, उतार आला की मागे रेलायचा. कुणी रागावून म्हणायचे, “चाचा, मले मागं काहून बसवता?” नाना म्हणायचे, “भाऊ, घोडा बोलत नाही, म्हणून मी बोलतो.” विज्ञानाच्या पुस्तकातला तरफेचा धडा ते रोज करून दाखवत होते. सही मात्र त्यांना उर्दूत कशीबशी यायची.

सकाळी घोडा जुंपताना ते पुटपुटत. अम्मी सांगते, ते ‘अल्-आदियात’ म्हणत. कुरआनमधली ही शंभरावी सूरा. तिची सुरुवात धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होते आणि पुढे माणसाच्या कृतघ्नपणाची गोष्ट येते. मुले ती लहान सूरा म्हणून पाठ करतात. नानांना तिचा अर्थ किती ठाऊक होता मला सांगता येणार नाही. घोडा होता आणि सूरेत घोडा होता, एवढे त्यांना पुरत असावे.

पडद्याचा तांगा

तांग्याचा उपयोग स्टेशनपुरता नव्हता. शेगावला तर गाडी आली की तांगेवाल्यांची झुंबड उडे. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले असे मानतात. त्याआधीच गावात रेल्वे पोचली होती. लांबलांबचे भक्त आगगाडीने येऊ शकले, त्यांना स्टेशनपासून मंदिरापर्यंत पोचवायचे काम तांग्यांनी केले. त्या तांगेवाल्यांत मुसलमान पुष्कळ. ‘गण गण गणात बोते’ म्हणत सवारी मागे बसलेली आणि पुढे टोपीवाला कोचवान, हे दृश्य तेव्हा कुणाला बातमीचे वाटत नसे.

डॉक्टरांना रात्री-अपरात्री घरी आणायला तांगा. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला तांगा. नवा सिनेमा लागला की दोन्ही बाजूंना पोस्टर बांधून भोंग्यावर ओरडत फिरणारा तांगा. निवडणुकीत प्रचाराचा तांगा. मोहर्रममध्ये नालसाहेबांची सवारी उठे तेव्हा कोचवान आणि नालबंद आवर्जून पुढे असत. इमाम हुसैन यांच्या घोड्याच्या नालाची ती आठवण, आणि नालेशी यांचा रोजचा संबंध.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पडद्याचा तांगा. मागच्या बाजूने चादर बांधायची आणि आत बायका-मुली बसायच्या. आज पडद्यावर बोलताना आपण पटकन निकाल देतो. अम्मीची हकिकत ऐका. साठच्या दशकात मोहल्ल्यातल्या मुली चौथीनंतर घरी बसत, कारण उर्दू शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि रस्ता बाजारातून. नानांनी महिनेवारीवर आठ-दहा मुली शाळेत न्यायला सुरुवात केली. चादर बांधली म्हणून घरचे तयार झाले. नियमाप्रमाणे बसायला हव्यात त्याहून जास्त मुली कोंबल्या जात, पण त्या लहान होत्या. कुणाच्या घरून महिन्याचे पैसे आले नाहीत तरी नाना मुलीला खाली उतरवत नसत. त्या तांग्यातून गेलेल्या मुलींपैकी दोघी पुढे शिक्षिका झाल्या. तिसरी माझी आई, सातवीपर्यंत शिकली आणि तिने मला अलिफ-बे आणि मराठी बाराखडी दोन्ही शिकवली. मी आज दोन भाषा शिकवून पोट भरतो, त्याची सुरुवात त्या चादरीमागे झाली.

मंटोचीच आणखी एक कथा आहे, ‘लाइसेंस’. नवरा वारल्यावर त्याची बायको स्वतः तांगा हाकू लागते, तर कमिटी तिला परवाना नाकारते. शेवटी तिला देह विकण्याचा परवाना मात्र मिळतो. घोडा हाकणारी बाई समाजाला नको होती. त्या समाजात चादर बांधून का होईना, मुली शाळेत पोचवणारा कोचवान मला लहान माणूस वाटत नाही.

तोबरा राहिला, घोडा गेला

घोडा गेला पण मराठीत त्याचा सगळा साज राहिला आहे. पानाचा ‘तोबरा’ भरतो तो घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीवरून. ‘बेलगाम’ बोलणारा, डोळ्यांवर ‘झापड’ बांधलेला, ‘खोगीरभरती’ करणारा लेखक, ‘वरातीमागून घोडे’, ‘घोडे अडले कुठे’. लगाम, चाबूक, जीन, नाल, रिकीब, स्वार, पागा, तबेला हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि इतके मुरले की कुणाला परके वाटत नाहीत. भाषा कुणाची, यावर वाद घालणाऱ्यांनी एकदा तबेल्यातून चक्कर मारावी.

धंदा कसा संपला

१९५७ साली बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’ आला. दिलीपकुमारचा तांगा आणि बस यांची शर्यत. सिनेमात तांगा जिंकतो. नानांनी तो सिनेमा अनेकदा पाहिला होता म्हणे. १९७५ च्या ‘शोले’त बसंती आणि धन्नो आल्या तेव्हाही तांगा सगळ्यांच्या ओळखीचा होता. सिनेमाबाहेर शर्यत वेगळी चालली होती. एसटी गावोगाव पोचली, मग ऐंशी-नव्वदच्या दशकात तीनचाकी रिक्षा आली. रिक्षा उभी असताना तिला चारा लागत नाही. एवढे एकच कारण पुरेसे होते. तांगेवाल्याला सवारी मिळो न मिळो, घोडा खाणारच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. तांग्याच्या आठवणीने डोळे ओले करणाऱ्यांनी घोड्याच्या बाजूनेही बघावे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांवर नको, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपू नये, गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुले सोडून चारपेक्षा जास्त माणसे नकोत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारचीही गाडी असतेच. हे नियम मलकापुरात किती पाळले गेले असतील ते वाचकांनीच ठरवावे. नाना घोड्याला जीव लावत, पण पोटासाठी त्यांनीही भर दुपारी घोडा पळवला. शेवटच्या वर्षांत त्यांची घोडी डांबरी रस्त्यावर घसरून गुडघ्यावर पडली. ती उठली, पण पुन्हा जुंपण्याजोगी राहिली नाही. नानांनी तिला विकले नाही. अंगणात बांधून वर्षभर पोसले, ती मेली तेव्हा धंदाही संपला. मामांनी हप्त्यावर रिक्षा घेतली. नाना त्यात बसत, पण पुढे, चालकाशेजारी.

मुंबईत हा शेवट न्यायालयातून झाला. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, बंद करायला एक वर्ष दिले आणि चालकांच्या पुनर्वसनाचा विचार करायला सरकारला सांगितले. २०२१ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या, घोड्यावाचूनच्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. आमच्या तांग्यांवर कुणी बंदी घातली नाही, त्यामुळे पुनर्वसनाचा प्रश्नही कुणी विचारला नाही. एकेक घोडा विकला गेला. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ मध्ये सुमारे तीन लाख चाळीस हजार उरले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे.

वर्गात न सांगितलेली गोष्ट

आता ते राहिलेले. मी पाचवीत असताना गुरुजींनी वर्गात विचारले होते, कोणाच्या घरी कोण काय काम करते. मी त्या वर्षी नानांकडे शिकायला होतो. मी म्हणालो, “नानांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे.” शेजारच्या मुलाला खरे ठाऊक होते, तो गप्प राहिला. त्याच आठवड्यात मोठा पाऊस आला आणि नाना तांगा घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. मी त्यांना पाहिले आणि मित्रांसोबत भिजत दुसऱ्या बाजूने निघून गेलो. घरी आल्यावर त्यांनी काही विचारले नाही. टॉवेल दिला. त्यानंतर ते कधी फाटकापर्यंत आले नाहीत. पाऊस असला की वळणावरच्या लिंबाखाली तांगा उभा करत, मी एकटा दिसलो तरच हाक मारत.

त्या माणसाने दुसऱ्यांच्या मुली पैसे न घेता शाळेत नेल्या होत्या, हे मला फार नंतर कळले. माफी मागायची वेळ तोवर गेली होती.

‘कोच का, क्रिकेटचा?’ या प्रश्नानंतर दोन दिवसांनी पुन्हा तोच तास आला. मी फळ्यावर तांगा काढला. दांड्या, आस, आरे, धाव, तोबरा, झापड, एकेकाचे नाव लिहिले, मराठीत आणि उर्दूत. तोल कसा सांभाळतात ते दोन मुलांना उभे करून दाखवले. मग सांगितले, “माझे नाना कोचवान होते. मलकापूर टेशनवर.”

वर्ग हसला नाही. मागून एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, आमच्या घरी एक पितळी बिल्ला आहे. नंबर आहे त्यावर. अब्बांचे अब्बा लावायचे म्हणतात. तो तांग्याचाच असेल का?”

मी म्हणालो, उद्या घेऊन ये.